तिसरा सिलिंडर

बानीने पान्याने तिसऱ्या सिलिंडरच्या डिझेलनळीचा नट सैल केला आणि कान दिला. नटाखालून डिझेल पाझरलं, त्यावर राख चिकटून काळा चिखल झाला. पण इंजिनाचा आवाज होता तसाच राहिला. पिकअप उभ्या जागी हिवतापाच्या रोग्यासारखी थडथडत होती. त्याने नट आवळला आणि चौथा सैल केला. लगेच इंजिन गचके खात बंद पडायला आलं, तसा त्याने तो घाईघाईने परत आवळला.

"तिसरा," तो म्हणाला. "बाकीचे तिघं ओढतायत. तिसरा फुकट बसून खातोय."

"तुझ्यासारखाच," गराए म्हणाला. तो गाडीच्या मागच्या हौद्यात चटयांची वळकटी दोरीने बांधत होता. त्याची बायको मेलिका मुलीला घेऊन केबिनमध्ये बसली होती. काचा वर होत्या, तरी मुलगी खोकत होती.

सकाळ होती, पण उजेड संध्याकाळचा. मनारोचा डोंगर दिसत नव्हता, नुसता गुरगुरत होता. केळीची पानं राखेच्या वजनाने मोडून पडली होती. टारोच्या कंदांच्या वाफ्यांत जाऊन पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. गेल्या वर्षीही असंच अख्खं अंबाए बेट रिकामं करून सगळ्यांना पलीकडच्या सांतो बेटावर नेलं होतं. लोक परत आले, छपरं झाडली, नव्याने लावणी केली, आणि डोंगराने पुन्हा तोंड उघडलं. शेवटची बोट दुपारनंतर सुटणार होती.

गराएला त्याआधी वरच्या गावात जायचं होतं. तिथे दोघा भावांची आई होती. तिला चालवत नव्हतं, आणि यायचंही नव्हतं. गेल्या वर्षी बाप सांतोच्या तंबूत वारला. परक्यांच्या जमिनीत, चुन्याची रेघ मारून दिलेल्या कोपऱ्यात त्याला पुरला. तेव्हापासून आईचं एकच म्हणणं होतं: मेल्यावर माणसाने मनारोच्या तळ्याकडे जायचं असतं, तंबूंकडे नाही. गराए दोनदा जाऊन तिला समजावून आला होता. आज तो समजावणार नव्हता, उचलून आणणार होता.

"म्हणजे डिझेल फवारणारं नोझल गेलं असेल," तो खाली उडी मारत म्हणाला. "जुनं एक आहे सीटखाली. घाल की."

"नोझल असेल. नाहीतर दाब गेला असेल. राख आत गेली तर पिस्टनच्या रिंगा खाते. किती दिवस गाळणी झटकून झटकून चालवतोयस, दादा? अख्खा किनारा वाहिलास या गाडीने."

"मग लोकांना काय पाठीवर नेऊ?"

"मी तसं म्हणालो का?"

गराए दोरी आवळायला वळला. बानीने इंजिनावरचं तेलाचं झाकण अर्धवट फिरवून उचललं. आतून भसाभस धूर आला, चुलीवरच्या भांड्यातून वाफ यावी तसा; रिंगा धड असत्या तर तो आला नसता. त्याने झाकण पटकन बसवलं आणि हात पँटला पुसला. भावाची पाठ होती; त्याने पाहिलं नाही, असं बानीला वाटलं.

"खात्री करायची तर एकच रस्ता," तो म्हणाला. "तिसऱ्याचं नोझल दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं तिसऱ्याला लावायचं. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल वाईट. तिसऱ्यातच राहिला तर आत गेलंय सगळं."

"मग लाव."

"त्यासाठी बंद करावी लागेल. रिंगा गेल्या असतील तर गार झाल्यावर किल्लीने सुरू व्हायची नाही."

गराएने खालच्या रस्त्याकडे पाहिलं. केबिनमध्ये मेलिकाने मान वळवून दोघांकडे पाहिलं.

"उतारावर तोंड करून लावतो," शेवटी तो म्हणाला. "ढकलून सुरू करू."

वरच्या गावाचा रस्ता चढाचा, बोटीच्या धक्क्याचा उताराचा. त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीचं तोंड समुद्राकडे केलं. चाकांखाली दगड लावले. मग किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, आणि इतका वेळ त्याच्या मागे लपलेला डोंगराचा आवाज एकदम जवळ आला.

नोझल बदलायला बराच वेळ लागला. नट गरम होते. बानीची बोटं पोळली. मेलिकाने बाटलीतलं पाणी कापडावर ओतून दिलं. त्याने ते बोटांना न लावता आधी नळ्यांची तोंडं पुसली.

"भाऊजी, हात तरी धुवा."

"राहू दे वहिनी. पाणी मुलीला ठेव."

सगळं आवळून झाल्यावर त्याने दगड काढले आणि मागून खांदा लावला. गाडी राखेवरून घसरत, आवाज न करता खाली सुटली. गराएने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. एक गचका बसला, दुसरा बसला, मागून पांढरा धूर निघाला आणि इंजिन सुरू झालं. वळणाच्या अलीकडे त्याने ब्रेक दाबला. बानी धावत आला, बॉनेट उचललं, पाना लावला.

दुसरा सैल केला: इंजिन अडखळलं. तिसरा सैल केला.

दोघेही ऐकत राहिले. काही झालं नाही.

"रिंगा," बानी म्हणाला. "धक्क्यापर्यंत उतरेल. चढणार नाही. पहिल्याच चढावर मान टाकेल, आणि मग या दोघीही वर अडकतील."

गराएने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "यांना सोडतो आणि चालत वर जातो."

"तुला तीन तास वर जायला. तिला पाठीवर घेऊन खाली यायला किती? आणि ती पाठीवर बसेल का तुझ्या?"

"मग काय करू मी? बोल ना!"

बानीने बॉनेट लावलं. हौद्यातल्या सामानातून पाण्याचा एक डबा काढला आणि थोडी रताळी वेगळी काढून पोत्यात भरली. पोतं खांद्यावर टाकलं.

"तू यांना ने. मी आहे तिच्याजवळ."

"बानी, ही शेवटची बोट आहे."

"माहीत आहे मला. तुझ्यापेक्षा कमी ऐकू येत नाही." तो हसला, राखेने भरलेल्या दातांनी. "आणि माझ्यामागे आहे कोण? एक कुत्रा होता, तोही तुझ्याकडे जेवायला यायचा."

त्याने खिडकीतून हात घालून मुलीचं नाक पुसलं. मग गराएच्या मनगटावर क्षणभर हात ठेवला.

"खाली विचारतील, वर कोण राहिलंय म्हणून," तो म्हणाला. "काल पोलिसांनी वीरा म्हाताऱ्याला खाटेसकट उचलून नेलं. रडत होता. आईचं तसं नको व्हायला."

तो चढ चढू लागला. गराए आरशात पाहत राहिला. राखेत माणूस दिसेनासा व्हायला वेळ लागत नाही.

गाडी उतारावरून उतरत होती. मुलगी मेलिकाच्या मांडीवर झोपली होती.

"भाऊजींचं गाठोडं मी बांधलंच नाही," मेलिका म्हणाली. "पहाटेच म्हणाले होते, वहिनी, माझं राहू दे."

गराएने पहिला गिअर टाकला. इंजिन कण्हलं.

"तेलाचं झाकण मी कालच उघडून पाहिलं होतं. धूर मलाही दिसला होता," तो म्हणाला.

मेलिकाने त्याच्याकडे पाहिलं. तिने मुलीच्या डोक्यावरचा टॉवेल सारखा केला.

धक्क्यावर बोट तोंड उघडून उभी होती. लोक डुकरं, भांडी, बायबलं घेऊन आत सरकत होते. गराएने गाडी नारळाखाली लावली, किल्ली फिरवली आणि ती तिथेच राहू दिली. तोंडाला फडकं बांधलेला एक तरुण पोलीस पुढे आला.

"वरच्या गावाकडून आलात का?"

"तिकडूनच."

"वर आणखी कोणी राहिलंय? आमची एक तुकडी जायला तयार आहे. गाडी आहे त्यांच्याकडे."

चटया उतरवणारे मेलिकाचे हात थांबले. गराएने पोलिसामागे पाहिलं. एक चांगली, उंच चाकांची गाडी शांतपणे चालू होती. तिचा आवाज एकसारखा होता, कुठेही न अडखळणारा. तो ऐकत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"नाही," तो म्हणाला. "कोणी नाही."

मग त्याने झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेतलं आणि तो बोटीकडे चालू लागला.