दोन फूट अंतर

मला स्वस्थ बसता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

आमचे हे सिन्नरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. रोज संध्याकाळी पाच वाजले की चौकातल्या गोरक्षच्या टपरीवर चहाला जायचे. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि चौदा महिने झाले, खिडकीपाशी बसून आहेत. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणते, काका, धरून उभे राहा, दोन पावलं टाका. हे म्हणतात, उद्या. शेवटी मी म्हटलं, चालायचं नसेल तर नका चालू, मी व्हीलचेअरवरून नेते. पण नेणार कुठून? आमच्या उपनगरातला रस्ता म्हणजे एका बाजूला उभ्या गाड्या, दुसरीकडे खडी, आणि मधून अंबडच्या कारखान्यांत शिफ्टला उशीर झालेले सगळे. सायकलवरचे कामगार तर जीव मुठीत धरून जायचे.

म्हणून मी मागे लागले. अर्ज, सह्या, हेलपाटे. शेजाऱ्यांच्या गाड्यांची जागा गेली, तेव्हा ‘काकूंचा रस्ता’ म्हणून टोमणेही खाल्ले. दिवाळीनंतर फूटपाथ झाला, त्याला लागून सायकलींसाठी लाल पट्टा झाला. आठ दिवसांत दोन्हींवरून स्कूटरी पळायला लागल्या. माझं डोकंच फिरलं. मी हात पसरून आडवी उभी राहायचे आणि पोरं मला वळसा घालून जायची.

रस्त्याच्या कामावर समर्थ नावाचा तरुण इंजिनिअर होता. तो म्हणाला, “काकू, दोन्ही टोकांना लोखंडी खांब लावू. मधे तीन फूट अंतर ठेवतात.”

“तीन फुटांतून वरात जाईल.” मी आमची स्कूटर आणून तिचं हँडल टेपने मोजून दाखवलं. सत्तावीस इंच. “दोन फूट ठेवा.”

“पण नियमात...”

“नियम पाळणारे असते तर खांब कशाला लागले असते?”

तो बिचारा किती वाद घालणार? दोन फूट ठेवले. स्कूटरी थांबल्या. सायकलवालेही उतरून, सायकल हातात धरून, कुरकुरत जायला लागले. मी म्हटलं, होईल सवय.

खांबांचं सिमेंट सुकायला चार दिवस लागणार होते, तोवर धक्का लावायचा नव्हता. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. दिवसातून दहादा खिडकीशी जाऊन खांब बघायचे. पाचव्या दिवशी साडेचारलाच यांना इस्त्रीचा शर्ट घातला. यांनी स्वतःहून कंगवा मागितला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. व्हीलचेअर आणल्या दिवसापासून घडी करून दारामागे उभी होती, ती उघडली आणि आम्ही निघालो.

गेटपासून वीस पावलांवर खांब. तिथे खुर्ची अडली.

मी मागे घेतली, तिरकी केली, जोर लावला. चाकं खांबांवर नुसती खटखट आपटत राहिली. दोन इंच कमी पडत होते. स्कूटर मोजली, पण दारामागची खुर्ची मोजायचं सुचलं नाही. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं. राग काढायला मात्र दुसरं कोणी नव्हतं.

मागे एक कामगार सायकल धरून थांबला होता. “लय अरुंद हाय हे, मावशी,” तो म्हणाला.

“कोणी... लावले?” यांनी विचारलं. शब्द अजून जड येतात.

“मीच. दोन फूट मीच सांगितलं.”

यांनी खांबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड एका बाजूनेच हसलं. “तरीच.”

“चला, घरी जाऊ,” मी म्हटलं. “उद्या समर्थला सांगते, एक खांब काढून...”

“उद्या नको.”

यांनी उजवा हात पुढे करून खांब धरला. मी धरायला वाकले तर म्हणाले, “सोड.” मी सोडलं. हे उठले. कामगाराने सायकल स्टँडवर लावली, खुर्ची घडी करून पलीकडे नेली आणि उघडून ठेवली. यांचा डावा पाय फरशीवर घासत पुढे आला. मग उजवा. मग पुन्हा डावा. मी नुसती उभी होते. आयुष्यात इतका वेळ गप्प उभी कधी राहिले नव्हते.

खुर्चीत बसल्यावर यांच्या कपाळावर घाम होता. मी पदराने पुसला. यांनी चौकाकडे बोट केलं. “तिथे... पण?”

“आहेत,” मी म्हटलं. “तिथेही दोनच फूट.”

यांनी हाताने शर्टाची कॉलर सारखी केली.

“पाच वाजले,” म्हणाले. “चल.”