एकाच झाडावरचं काळं

“वेल हिरवीगार दिसली म्हणून चढू नकोस पोरी, तिच्याखालचं झाड जिवंत आहे का ते बघ,” असं शेजारच्या वर्लामआजोबांनी बजावलं, तेव्हा मगुली हसून पुढे झाली होती. गुरिया प्रांतात द्राक्षाच्या वेली उंच झाडांवरच चढवतात. त्यात बघायचं काय? मग फांदी कडकन मोडली आणि ती वेलीलाच लोंबकळत राहिली. वेल तजेलदार, पण तिला पेलणारं आल्डरचं झाड केव्हाच वठलं होतं.

गावभर चखावेरी जातीची गुलाबी द्राक्षं. काळं द्राक्ष तेवढं या एका वेलीवर. नाव कुणालाच ठाऊक नाही. आजोबा नुसतं ‘काळं’ म्हणायचे. त्यांच्या जमिनीत पुरलेल्या रांजणातली त्याची वाइन चाखली आणि बातूमी शहरात शिकून आलेली मगुली, पोर पाठीशी बांधून, आसपासच्या गावांत त्याची दुसरी वेल शोधत हिंडली. कुठेच नव्हती. आता हिवाळ्याच्या वाऱ्यात झाड कोसळलं की ती जातच संपणार. आणि रुजतील अशा कोवळ्या काड्या पार शेंड्याला.

नोव्हेंबरात, तोडणीच्या दिवशी तिने कमरेला दोर बांधला.

“लेक खाली अन् आई फांदीवर!” सासू मकवाला कडाडली. “माकडीणसुद्धा पोर पोटाशी धरून चढते.”

“माकडिणीला सासू नसते ना, आई. लिलेला माती खाऊ देऊ नका.”

“तुझ्या नवऱ्याला काय सांगू मी?”

“जहाजावरून उतरला की सांगा, सून वर गेली. किती वर, ते तुम्ही ठरवा.”

“मकवाला, तोंड आवर अन् दोर धर,” वर्लाम म्हणाले.

मगुली चाकूने साल खरवडत चढली. आत ओलं हिरवं दिसलं तर पाय टाकायचा, कोरडं तपकिरी दिसलं तर नाही. प्रत्येक फांदीवरून खाली नजर: लिले आहे ना, तोंडात काही नाही ना? निमुळत्या टोपल्या भरून दोराने खाली गेल्या. शेंडा मात्र हाताच्या अंतरावर असताना पुढच्या तिन्ही फांद्या कोरड्या निघाल्या.

ती खाली आली.

“हरलीस वाटतं?” मकवालाने विचारलं, पण आवाजात सुटकाच होती.

“हरले कुठे? झाड बदलतेय.”

शेजारचं तेंदूफळाचं झाड तिने तितकंच खरवडून तपासलं. हिरवं. त्यावर चढून तिने तोडणीची आकडी लांबवली आणि वेलीचा शेंडा इंच इंच स्वतःकडे ओढला. हात सोलवटले. लिले रडायला लागली, तशी मगुलीने वरूनच तिला हाक मारली. पण शेवटची काडी कापल्याशिवाय आकडी काही तिने सोडली नाही.

काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन घरांत वाटल्या, म्हणजे एकीकडच्या मेल्या तरी दुसरीकडच्या राहतील. अर्ध्या तिच्या परसात वाळूत आहेत. अर्ध्या घेऊन वर्लाम वरच्या पाड्यावरच्या आपल्या रिकाम्या घरी गेलेत, एकटेच. जाताना म्हणाले, “यांच्यासाठी जिवंत झाड मीच चढून निवडणार.” तेव्हापासून निरोप नाही, आणि तापाने फणफणलेल्या लिलेला सोडून मगुलीला निघता येत नाही. वाटेवर दिसेल त्याला ती थांबवते, आणि तुमच्याकडेही तिचं एवढंच मागणं आहे: बर्फ पडण्याआधी त्या बाजूला गेलात, तर म्हाताऱ्याला हाक मारा. ओ आली नाही, तर दारावरून परत फिरू नका. मागच्या झाडांखालीही बघून या.