आईचे कागदी साचे

उद्घाटनाच्या भाषणात दादाने ‘आम्ही’ हा शब्द तिसऱ्यांदा उच्चारला, तेव्हा धाकटीने हातातला चहाचा कप खिडकीत ठेवून दिला. कप हातात राहिला असता तर आपण काय केलं असतं याची तिला खात्री नव्हती.

धाकटी म्हणजे दोन भावंडांतलं शेंडेफळ, पण हे शेंडेफळ आता बावन्न वर्षांचं झालं होतं. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता केस पांढरे झाले आणि मग कुठे आयुष्यात पहिल्यांदा तिचं एकटीचं प्रदर्शन लागलं. गेल्या तीन वर्षांतली बावीस चित्रं. डाव्या भिंतीवर पेस्टल, उजवीकडे ॲक्रिलिक आणि समोरच्या मोठ्या भिंतीवर मिश्र माध्यमातली सात. त्या सातांत रंगाखाली, रंगावर, कुठे रंगातून फाटून वर आलेले असे आईचे कागद चिकटवलेले होते.

आई शिवणकाम करायची. गल्लीतल्या तीन पिढ्यांचे गणवेश, सदरे, झगे, कोट तिच्या हाताखालून गेले. प्रत्येक गिऱ्हाइकाचा साचा ती खाकी कागदावर कापून ठेवायची, त्यावर मापं लिहायची आणि कोपऱ्यात स्वतःपुरता शेरा. ‘डावा खांदा उतरता.’ ‘पोट सुटलंय, बोलून दाखवू नये.’ ‘वाढत्या अंगाचा, दोन बोटं जास्त धरणे.’ साचे गठ्ठ्यांनी बांधलेले असत आणि अख्ख्या घरात त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती.

मग आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. ती तीन आठवडे दवाखान्यात होती. त्या तीन आठवड्यांत दादाने तिची खोली रिकामी केली. शिवणयंत्र भंगारात गेलं, कापायचं टेबल कुणीतरी उचलून नेलं, साच्यांचे पाच गठ्ठे रद्दीत. धाकटीला कळलं तेव्हा ती शाळेच्या कपड्यांतच रद्दीवाल्याकडे पळाली. दोन गठ्ठे सापडले. बाकीचे तीन लगदा व्हायला गेले होते.

हे सगळं घडलं ते घडलं. पण आज दादा, चार लोकांत मान असलेला औषधदुकानदार, प्रमुख पाहुणा म्हणून समईसारखा ताठ उभा राहून सांगत होता, “आईची एकेक चिठ्ठीसुद्धा आम्ही जिवापाड जपली.” लोक डोळे पुसत होते. गॅलरीचा मालक मान डोलवत होता. धाकटीने राग गिळला. पहिलंच प्रदर्शन, आलेले पाहुणे, शाळेतल्या बाया. तिने सगळ्यांकडे बघून हसायचं काम इमानेइतबारे केलं आणि घरी जाऊन दात घासताना ब्रश मोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर ती गॅलरीत गेली, तर समोरच्या भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या चित्राखालची पाटी बदललेली. चित्रात फिकट भिंत होती, यंत्राचे चार पाय जिथे टेकायचे तिथले चार काळे डाग होते आणि जमिनीवर साच्यांचे तुकडे. तिने नाव दिलं होतं, ‘आई दवाखान्यात असताना रिकामी केलेली खोली’. आता पाटीवर नुसतं ‘आईची खोली’ होतं.

मालकाला विचारलं, तर तो आधी पाण्याचा ग्लास पुढे करू लागला. मग म्हणाला, दादासाहेबांचा सकाळी फोन आला होता. नाव जरा लांबलचक आहे, शिवाय घरचं काहीतरी बाहेर काढल्यासारखं वाटतं. तुमचे सख्खे बंधू, तेव्हा तुमची हरकत नसेल असं मी धरून चाललो. “मॅडम, चित्र तर तेच आहे ना?”

“चित्र माझं आहे,” धाकटी म्हणाली. “नावही माझंच होतं.”

तिने आवाज चढवला नाही. वर्गात पोरं फार दंगा करू लागली की ती अशीच हळू बोलायची, आणि तेव्हा पोरांना घाम फुटायचा. मालकाला तो अनुभव नसल्याने तो आणखी समजावत राहिला. तो बोलत असतानाच तिने पिशवीतून काळ्या ॲक्रिलिकची ट्यूब काढली, त्याच्याच पाण्याच्या ग्लासात ब्रश बुडवला, पाटी नखाने ओरबाडून काढली आणि चित्राखाली, गॅलरीच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर लिहायला लागली.

“ही खोली आई दवाखान्यात असताना तिच्या मुलाने रिकामी केली. शिवणयंत्र भंगारात दिलं, साचे रद्दीत घातले.”

इथे तिचा हात थांबला. मालक मागे भिंतीच्या रंगाबद्दल काहीतरी म्हणत होता. थांबायला जागा चांगली होती. इथे पूर्णविराम दिला असता तर दादा उघडा पडला असता आणि ती स्वच्छ सुटली असती. पण आई घरी आल्यावर पलंगावर पडून जड जिभेने विचारायची, “माझे साचे?” आणि धाकटी दर रविवारी तिचा हात हातात घेऊन सांगायची, माळ्यावर आहेत, तू बरी झालीस की काढू. डॉक्टर म्हणाले होते, मनाला धक्का लागू देऊ नका. माळ्याचं ते वाक्य दादानेच तिला दिलं होतं आणि तिने ते मुकाट्याने पुढे चालवलं होतं. उरलेले दोन गठ्ठे तिच्याच घरी कपाटात होते. ते आईला नेऊन दाखवले असते तर बाकीचे तीन कुठे गेले हेही सांगावं लागलं असतं, म्हणून तिने तेही नेले नाहीत.

तिने ब्रश पुन्हा बुडवला. “तिच्या मुलीला हे माहीत होतं. सगळं माळ्यावर ठेवलंय, असं दोघांनी मिळून तिला चौदा महिने सांगितलं. मग ती वारली.”

मालकाने कपाळाला हात लावला. पण संध्याकाळपासून त्या भिंतीपाशी लोक थांबू लागले, एकमेकांना कोपराने खुणावू लागले, दुसऱ्या दिवशी आणखी लोक आले, तेव्हा त्याने कपाळावरचा हात काढला.

तिसऱ्या दिवशी दादा आला. एकटा. त्याने मजकूर वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“बरं वाटलं का?” तो म्हणाला.

“नाही.”

“तो रुग्णाचा पलंग कुठे ठेवायचा होता, तुझ्या डोक्यावर? दारातून आत येत नव्हता. यंत्र काढल्याशिवाय जागाच होत नव्हती. चौदा महिने तिला उचलून मोरीत नेत होतो मी. कंबर कायमची गेली माझी. तू रविवारी यायचीस. येताना फुलं आणायचीस.”

फुलांचं वाक्य तिला बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं. “यंत्र द्यायच्या आधी तिला विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असती.”

“म्हणूनच विचारायचं होतं, दादा.”

तिने ब्रश काढून त्याच्यापुढे धरला. भिंत मोठी आहे, तुझ्या वाटणीचं तू लिही, म्हणाली. दादाने ब्रशकडे असं बघितलं, जणू तिने त्याच्यापुढे मेलेला उंदीर धरला होता. इथून पुढे मला बहीण नाही, एवढं बोलून तो जिन्याने उतरला, कमरेवर हात ठेवून, एकेका पायरीवर थांबत.

ती कंबर बघून तिचं डोकं आणखीच फिरलं. तो नुसता खोटा असता तर किती सोपं झालं असतं. तिने दात-ओठ खात, ब्रशचे केस वाकडे होईपर्यंत दाबून शेवटची ओळ लिहिली, “चौदा महिने आईचं सगळं करणारा माणूसही तोच.” लिहिलं ते खरं होतं म्हणून. प्रेमाने नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी वहिनी आली. वहिनी म्हणजे दादाची बायको. घरात तिचा आवाज भांड्यांच्या आवाजापेक्षा मोठा कधी कुणी ऐकला नव्हता. चित्रं मात्र तिने मनापासून पाहिली. आईच्या सुजलेल्या बोटांच्या पेस्टलपुढे ती बराच वेळ उभी होती, कारण त्या बोटांची नखं कापायचं काम तिच्याकडे होतं. मग ती मोठ्या भिंतीपाशी आली आणि मजकूर ओठ हलवत वाचला. शेवटच्या ओळीला तिचे ओठ थांबले.

“सगळं करणारा?” वहिनी म्हणाली.

धाकटी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“उचलायचे ते. नाही म्हणत नाही मी. पण न्हाऊ कोण घालत होतं? चादरी कोण धूत होतं? रात्री चारदा कोण उठत होतं? तुम्ही दोघं भांडताय आईवरून, आणि भिंतीवरसुद्धा तुम्ही दोघंच.”

धाकटीचे कान तापले. वहिनीने उत्तराची वाटही पाहिली नाही. तिने पर्समधून वाणसामानाची यादी करायचं निळं पेन काढलं, ‘तोच’ या शब्दावर दोन आडव्या रेघा मारल्या आणि त्याच्या वर, जरा वाकून, बारीक अक्षरात लिहिलं, “तो उचलायचा. बाकी सगळं सुनेने केलं.” पेनला टोपण लावलं. मग धाकटीला म्हणाली, पुढच्या वेळी चित्र काढशील तेव्हा आधी मला विचार, आणि निघून गेली.

गॅलरी बंद व्हायला तासभर होता. धाकटी भिंतीपुढच्या बाकावर बसून राहिली. मालकाने येऊन विचारलं, ही निळी दुरुस्ती पुसायची का. “हात लावायचा नाही त्याला!” ती त्याच्यावर इतक्या जोरात ओरडली की बाहेरच्या दालनातली माणसं आत डोकावली.