इस्त्रीखान्यातलं उंच स्टूल

मी इस्त्रीखान्यातलं उंच स्टूल बोलतोय. बोलावं की नाही, याचा फार विचार केला. माझं म्हणणं बरोबरच असेल याची मला स्वतःलाही खात्री नाही. पण एका बाईच्या पायाचा प्रश्न आहे, म्हणून धीर करतो.

सुताराने मला घडवलं, उभं केलं, हलवून पाहिलं आणि म्हणाला, "चालेल." छान झालं असं नाही म्हणाला. ते "चालेल" मला अजून खुपतं.

या लाँड्रीत दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. बायका दिवसभर उभ्याने इस्त्री करतात. तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी सगळ्यांचे पाय पाहिले आणि मालकांना सांगितलं, "यांना मधून मधून बसू द्या." मालकांनी लगेच मला आणून टेबलाशी ठेवलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "बसा" असं मात्र कोणी कोणाला सांगितलं नाही.

माझ्या टेबलावर दोन सख्ख्या जावा काम करतात. थोरलीच्या पोटरीवर शिरांच्या गाठी आलेल्या, घोट्याजवळची कातडी काळवंडलेली. तिथे जखम झाली आणि तरी उभ्या राहिलात तर काम सोडावं लागेल, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. हे तिने धाकटीशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. "मुलगा टपूनच बसलाय, आई आता आराम कर म्हणायला," ती म्हणायची. "चार भिंती बघत आराम करायचा! वेड लागेल गं मला."

ती माझ्यावर बसायची, पण अर्धीच. कान दाराकडे. सुपरवायझरला सगळ्या जणी 'घड्याळ' म्हणतात, कारण तो समोरच्या माणसाकडे न बघता मनगटाकडे बघून बोलतो. तो येताना दिसला की दाराजवळची बाई खोकायची आणि बसलेली चटकन उठायची. बसलेली बाई कामचुकार दिसते, असं बायकांनीच ठरवून टाकलं होतं. शिवाय टेबल उभ्या माणसाच्या उंचीचं. बसून इस्त्री फिरवायची तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागत.

"पाय दुखायचा थांबला, आता खांदा दुखतो," थोरली म्हणायची.

"तेवढाच बदल, जाऊबाई," धाकटी म्हणायची.

एका दुपारी दाराकडून खोकला ऐकू आला. थोरली इस्त्री हातात घेऊनच उठली. पाय बधिर झाला होता, तो टेकलाच नाही. ती माझ्यावर कोसळली, मी आडवा झालो आणि तापलेली इस्त्री धाकटीच्या दंडाला चाटून खाली पडली.

"हे स्टूलच डगमगतं," सुपरवायझर ओरडला. "टाका ते अडगळीत."

खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. माझा एखादा पाय आखूड तर नसेल?

धाकटी दंड नळाखाली धरून उभी होती. तिथूनच म्हणाली, "स्टूल नाही डगमगलं, साहेब. तुम्ही आलात म्हणून ती उठली."

"मी कधी म्हटलं, उठा?"

"आणि बसा असं कधी म्हटलंत?"

मनगट सोडून त्याने पहिल्यांदाच थोरलीच्या पायाकडे पाहिलं. मग मला उभं केलं, स्वतः बसला आणि रिकामा हात टेबलावर फिरवून बघितला.

"एवढा वर?"

"रोजच," थोरली म्हणाली.

त्यानंतर दोन टेबलं आली. एक बसून कामाचं, बेताच्या उंचीचं. दुसरं उभ्याने कामाचं. दोघी आलटून पालटून दोन्हीकडे काम करू लागल्या. सुपरवायझरने सगळ्यांना दरडावून सांगितलं, "मी आलो की कोणी उठायचं नाही!" ते ऐकायला सगळ्या जणी उठून उभ्या राहिल्या.

सवय अशी सुटत नाही. थोरली बसायची, पण एक टाच उचललेलीच. तिचा पूर्ण भार माझ्यावर कधी आलाच नाही. माझ्यावर भरवसा नाही की काय, या विचाराने मला चैन पडेना.

आज सकाळी ती डॉक्टरांकडे गेली. घोट्याजवळ बारीकशी जखम दिसली होती. धाकटी एकच चादर पुन्हा पुन्हा इस्त्री करत राहिली. मी तर रिकामा असूनही अवघडलो होतो.

जेवणाच्या सुट्टीनंतर धाकटी माझ्यावर टेकली, तेवढ्यात थोरली आली, पायाला पट्टी बांधून.

"काय म्हणाले?"

"काम करा म्हणाले. पण जखम भरेपर्यंत बसूनच. उभं राहायचं असेल तर परत तोंड दाखवू नका म्हणाले."

धाकटी माझ्यावरून उठू लागली. थोरलीने तिला खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. "तू बस. तुला काय पाय नाहीत?" मग दाराशी उभ्या सुपरवायझरकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, एक स्टूल कमी पडतंय."

"उद्या मालकांशी बोलतो."

"मला आज बसायचंय."

सुपरवायझर क्षणभर घुटमळला आणि स्वतःची खुर्ची आणायला गेला. थोरली खुर्चीत बसली. मागे टेकून, दोन्ही टाचा जमिनीवर ठेवून.

आता नवं स्टूल येईल. ते माझ्याहून चांगलं निघालं तर माझं काय, ही काळजी आहेच. तरी येऊ दे. माझी विनंती एवढीच आहे की ते करताना बसणारीला आधी बसवून बघा, तिचे हात कुठवर जातात ते पाहा. आणि स्टूल ठेवून निघून जाऊ नका. तिला तोंडाने सांगा, बाई, बसा.