डोलकाठीला आलेला बाक

पद्माकर निमकरांची नजर अधू झाली होती असं म्हणण्याची सोय नव्हती. त्यांना दिसायचं. फक्त त्यासाठी लागणारं भिंग दर दिवाळीला जरा मोठं होत चाललं होतं, आणि त्याचा दोष ते छपाईला देत. पूर्वी तिकिटं ठळक छापायचे म्हणे.

जहाजांवर चीफ इंजिनियर म्हणून आयुष्य काढलं, सिंगापूर बंदरात इतक्यांदा उतरले की शेवटी इथलेच झाले. निवृत्त झाल्यावर चोआ चू कांगच्या फ्लॅटमधली लहान खोली त्यांनी पोस्टाच्या तिकिटांना बहाल केली. तीही फक्त जहाजांच्या. फुलं, पक्षी, राण्या यांना तिथे थारा नव्हता. टेबलावर मुठीचं भिंग होतं, दिव्याचं भिंग होतं, डोक्याला पट्ट्यानं बांधायचं भिंग होतं. ते बांधून एकदा निमकर दार उघडायला गेले, तेव्हा पार्सल घेऊन आलेला मुलगा सही न घेताच परतला. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे जवाहिरे वापरतात ते छोटं लूप. डावा डोळा मिटायचा, उजव्याला लूप चिकटवायचं आणि श्वास रोखून तिकिटावर वाकायचं. निमकरांच्या मते तिकीट बघण्याची ही एकच सभ्य पद्धत होती.

त्या पद्धतीनंच त्यांना मे महिन्यात शोध लागला. कुठल्याशा जुन्या वसाहतीचं निळं तिकीट, त्यावर एका डोलकाठीचं जहाज, आणि डोलकाठी मधोमध वाकलेली. वाऱ्यानं वाकावी तशी नव्हे; कुणीतरी कोपरानं ढकलावी तशी. जहाजावर जन्म काढलेल्या माणसाला असली डोलकाठी खपत नाही. म्हणजे छपाईच्या साच्यातच दोष.

पण एका तिकिटावरून शोध सिद्ध होत नाही. तोच दोष दुसऱ्या प्रतीवर त्याच जागी सापडावा लागतो, हा तिकीटवाल्यांचा पहिला नियम. निमकरांनी त्याच तिकिटाच्या आणखी प्रती मागवल्या. प्रत्येकीवर डोलकाठी वाकलेली होती. अगदी त्याच जागी. निमकरांनी त्या दिवशी जेवणात दोनदा आमटी मागून घेतली.

अधूनमधून तिकिटाची चौकटही थोडी वाकल्यासारखी वाटे, पण ते हवेमुळे. सिंगापूरची दमट हवा कुठलाही कागद सरळ राहू देत नाही. मग त्यांनी कॉम्प्युटरला जोडायचं नवं मायक्रोस्कोप आणलं. पडद्यावर, दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर डोलकाठी छडीसारखी ताठ. निमकरांनी मायक्रोस्कोप लगेच परत केलं. हल्लीचे कॅमेरे फोटोतल्या बायकांच्या सुरकुत्या पुसतात; डोलकाठीचा बाक काढायला त्यांना कितीसा वेळ लागणार, असं त्यांनी दुकानदाराला समजावलं. दुकानदारानं मान डोलावली.

राहिली होती मंडळाची मान्यता. तिकीटवाल्यांचं मंडळ दर रविवारी सकाळी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत भरे. बहुतेक सगळे निवृत्त. शोध मान्य झाला तर मंडळाच्या पुस्तिकेत 'निमकर डोलकाठी' अशी नोंद होणार होती. माणसाला मुलगी असते, नात असते, पण डोलकाठीला आपलं नाव लागणं वेगळंच. त्यांना ते नाव मनापासून हवं होतं.

मंडळाचे चिटणीस निशिकांत पाटणकर. तांजोंग पगारच्या एका बँकेतून निवृत्त झालेले, नेहमी इस्त्रीतले. निमकरांनी त्यांना लूप दिलं, तिकीट पुढे केलं. पाटणकर बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, "हं. स्पष्ट आहे." नंतर तिकिटाचा ट्रे खोलीभर फिरला. प्रत्येकानं लूप लावलं, प्रत्येकानं "हं" केलं. त्या खोलीत 'मला दिसत नाही' असं म्हणायची पद्धतच नव्हती. तिकीट ओळखता आलं नाही तर चालायचं. पण दिसत नाही म्हणालात, की तुमचे अल्बम पुढे कुणाकडे जाणार याची चौकशी सुरू व्हायची. पुढच्या रविवारी औपचारिक घोषणा करायचं ठरलं.

माशी शिंकली ती घरात. त्यांच्या पत्नी सुलभाताईंनी जन्मभर ऑडिटचं काम केलेलं. तिकिटांत त्यांना काडीचा रस नव्हता. निमकरांनी आग्रह केला म्हणून त्यांनी लूप लावलं.

"सरळ आहे," त्या म्हणाल्या.

"मधोमध बघ."

"मधोमधच बघतेय. सरळ आहे हो. पट्टी लावून काढल्यासारखी."

निमकरांनी लूप परत घेतलं. मंडळातल्या झाडून सगळ्यांना दिसतं ते हिला दिसत नाही, याचा अर्थ उघड होता. संध्याकाळभर ते बायकोकडे चोरून बघत राहिले. ती सुईत दोरा ओवत होती. पहिल्या फटक्यात ओवला, पण ते सवयीनं असेल. हिचे डोळे गेले तर हिचं कसं व्हायचं, आणि खरं म्हणजे आपलं कसं व्हायचं, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही. बायकोवर त्यांचा फार जीव होता. तो बोलून दाखवायची मात्र घरात वहिवाट नव्हती.

"उद्या डोळे तपासायला जायचंय," ते म्हणाले.

"कुणाचे?"

"तुझे. वेळ घेतलीय."

सुलभाताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि बरं म्हटलं.

एमआरटी मेट्रोच्या स्टेशनाजवळच्या क्लिनिकात ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून एक तरुण चिनी मुलगी होती. तिनं सुलभाताईंना अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत दिवा मारला, मग चौकड्यांचं एक कार्ड दाखवलं. रेघा सरळ दिसतात का, मधला ठिपका दिसतो का. सगळं दिसत होतं.

"आंटी व्हेरी गुड," मुलगी म्हणाली. "अंकल ऑल्सो चेक, कॅन?"

"आलोच आहोत तर बसा," सुलभाताई म्हणाल्या.

निमकर उपकार केल्यासारखे बसले. आधी उजवा डोळा झाकून डाव्यानं बघितलं. चौकडी उत्तम. मग डावा झाकून उजव्यानं. त्यांनी कार्ड जरा लांब धरलं, मग जवळ आणलं.

"युवर कार्ड इज मिसप्रिंटेड," ते म्हणाले. "मधल्या रेघा वाकल्यात. इथे, ठिपक्यापाशी."

मुलीनं कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, आडवं फिरवलं आणि परत दिलं.

बाक फिरला नाही. कार्ड फिरलं, बाक होता तिथेच राहिला.

निमकरांनी कार्ड उलटंही करून बघितलं. मग ते मांडीवर ठेवलं. इंजिनरूममध्ये प्रत्येक नव्या पोराला त्यांनी हेच शिकवलं होतं: सुटा भाग बदलून बघ, बिघाड तिथेच राहिला तर भागाला दोष देऊ नकोस, यंत्र बघ. सगळ्या प्रतींवर त्याच जागी बाक. अर्थातच त्याच जागी. ते घाबरले. जहाजावर आग लागली होती तेव्हाही इतके घाबरले नव्हते, कारण आग बाहेर होती.

मुलीनं सावकाश सांगितलं. डोळ्याच्या पडद्याखाली पाणी झिरपत असावं. हॉस्पिटलला चिठ्ठी देते, आजच जा. इंजेक्शनं असतात. गेलेली नजर परत येईलच असं नाही, पण उरलेली वाचते. लोक उशिरा येतात, तीच अडचण.

"तुला कालच कळलं होतं?" निमकरांनी बायकोला विचारलं.

"कालच कळलं," सुलभाताई म्हणाल्या. "पण तुम्ही तुमच्या डोळ्यांसाठी आला नसतात." आणि त्यांनी चारचौघांत त्यांचा हात धरला.

चिठ्ठी तयार होईपर्यंत निमकरांनी एक काम उरकायचं ठरवलं. पाटणकरांना फोन लावला.

"घोषणा रद्द करा, निशिकांतराव. डोलकाठी सरळ आहे. दोष माझ्या डोळ्यात आहे."

"छे, छे," पाटणकर म्हणाले. "बाक मी स्वतः बघितलाय. मी मजकूरही तयार केला."

"बाक नाहीच तिथे. तुम्हाला तो कोणत्या डोळ्यानं दिसला?"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग पाटणकर हलक्या आवाजात बोलले.

"पद्माकरराव, मला जहाजच दिसलं नव्हतं. निळं काहीतरी होतं. तुम्ही डोलकाठी म्हणालात, मी हो म्हटलं."

"घरी सांगितलंत?"

"मीनलला? नाही. कुणालाच नाही. गेल्या वर्षीपासून पेपर हातात धरून नुसता बसतो."

निमकरांना राग यायला हवा होता. तो आला नाही. या गृहस्थानं इस्त्रीचा शर्ट घालून वर्षभर रस्ते कसे ओलांडले असतील, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"कपडे करा आणि वहिनींना फोन द्या," ते म्हणाले. "आम्ही हॉस्पिटलात निघालोय. वाटेत तुम्हाला घेतो."

"मीनलला काय सांगणार?"

"जे आत्ता मला सांगितलंत ते."

पाटणकरांनी मोठा श्वास घेतलेला ऐकू आला. मग फोनपासून तोंड बाजूला करून त्यांनी हाक मारली, "मीनल, जरा इकडे ये." थोडं थांबून ते म्हणाले, "माझ्यापाशीच ये. तू कुठे उभी आहेस ते मला दिसत नाहीये."