फुटक्या रांजणाचं बूड

ईश्वरप्पांना चौकशीची भारी खोड. लातुरातल्या त्यांच्या गल्लीत कुणी दाराला नवं कुलूप लावलं तरी हा माणूस उभा राहून विचारणार, जुन्याला काय झालं? पण स्वतःच्याच घरातल्या एका गोष्टीचा उलगडा त्यांना कधी झाला नाही. त्यांच्या बायकोनं, नीलम्मानं, फुटक्या रांजणाचं बूड जिन्याखाली जपून ठेवलं होतं. कुणाला हात म्हणून लावू देत नसे.

"हे कशाला गं?" अप्पांनी कितीदा तरी विचारलं होतं.

"एक दिवस दुपारी घरी राहा, मग कळंल," ती हसून म्हणायची. अप्पा दुपारी डाळ मिलमध्ये. घरी कसले राहतात!

कार्तिकात नीलम्मा गेली आणि अप्पांनी मिल पोराच्या हवाली केली. जिन्याखालचं ते खापर त्यांनी घंटागाडीत टाकायला काढलं, पण गाडीवाला म्हणाला, लई जड हाय. मग ते मागच्या भिंतीशी पडून राहिलं.

मागं राहिला तो भुऱ्या. गल्लीतलाच कुत्रा, पण नीलम्माच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला. थंडीत ती त्याच्यासाठी पायरीवर बारदान अंथरायची. यंदा अप्पांनी अंथरलं. आणि चैत्रात तिच्या नावानं दारात पाणपोई घातली. दोन रांजण, वर ताडपत्री, भोवती ओलं लाल फडकं. भुऱ्यासाठी नवंकोरं स्टीलचं पसरट पातेलं आणलं, त्यावर 'लिंगैक्य नीलम्मा' असं नाव घालून घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाचता यावं म्हणून थेट रस्त्याच्या कडेला ठेवलं. लोक नाव वाचत, अप्पांना बरं वाटे.

वैशाखातल्या एका दुपारी समोरचा हार्डवेअरवाला श्रीशैल ओरडत आला, "अप्पा, आत व्हा! भुऱ्या पिसाळलाय!"

भुऱ्या रस्त्यावर झोकांड्या खात होता. जीभ हातभर बाहेर, तोंडातून लाळेच्या तारा.

"तीन दिस झाले, बघायलोय मी," श्रीशैल म्हणाला. "पातेल्याशी येतो, तोंड घालतो अन् पाण्याला भिऊन पळतो. पिसाळल्याचीच खूण हाय ही." त्याच्या हातात पहार होती. मागं आणखी दोघं दांडकी घेऊन उभे.

नीलम्माच्या मागं तिच्या मायेचा तेवढा एकच मुका जीव उरला होता. तोही हे लोक आपल्या डोळ्यांदेखत मारणार, या विचारानं अप्पांनी तोंड फिरवलं. पण खोड ती खोड. फाटकाआडून ते बघतच राहिले. भुऱ्या धडपडत पाणपोईखाली गेला आणि रांजणातून ठिबकून ओली झालेली वाळू चाटायला लागला.

"श्रीशैल, थांब रे! पाण्याला भितो तर ओली वाळू कशी चाटतो?"

"अप्पा, ही काय चौकशीची वेळ हाय?"

"हीच हाय!" म्हणत अप्पा पातेल्याकडं गेले आणि त्यात चार बोटं बुडवली. "आई गं!" हात चटकन मागं आला. त्या पाण्यात चहाची पत्ती टाकायचीच काय ती बाकी होती.

त्यांनी लगेच गुरांच्या दवाखान्यातल्या सुकन्या डॉक्टरांना फोन लावला. दसऱ्याला भुऱ्याला पिसाळण्यावरची लस त्यांनीच टोचली होती.

"ऊन लागलंय त्याला," त्या म्हणाल्या. "तरी तोंडाजवळ जाऊ नका. लांबूनच पोटावर, पायांवर साधं पाणी ओता, बर्फ नको. सावलीत मातीच्या भांड्यात पाणी ठेवा अन् मागं सरका. मी निघालेच."

मातीच्या भांड्यात! अप्पा जागीच थबकले, मग या वयात पळत मागच्या भिंतीशी गेले. रांजणाचं बूड उलटं पडलं होतं. सुलटं केलं, तर आतून पाण्याच्या क्षारांचे पांढरे पट्टे, एकावर एक. किती उन्हाळे ते भरलं गेलं असेल, देव जाणे.

श्रीशैलनं पहार टाकली आणि बुडाला हात लावला. दोघांनी ते जिन्याखाली ठेवून भरलं. लांबून अंगावर बादलीभर पाणी पडलं तसा भुऱ्या दचकून उठला आणि कुणी न बोलावता सरळ जिन्याखाली गेला. जागा त्याला ठाऊक होती. बराच वेळ त्यानं मान वर केली नाही.

डॉक्टर आल्या, तपासलं, म्हणाल्या, "वाचला. आणखी तासभर उन्हात असता तर काही खरं नव्हतं."

"अप्पा, पातेलं उचलू का?" श्रीशैलनं विचारलं.

"उचल बाबा. नाव तिचं घातलं अन् अक्कल माझी वापरली."

सगळे गेल्यावर ते जिन्याखाली, जमिनीवरच बसले. तिथं खरंच गार होतं. भुऱ्या शांत झोपला होता. अप्पांनी खापरात बोट बुडवून बघितलं.

"आलो गं दुपारी घरी," ते म्हणाले. "लई उशीर केला."