शिवशरणचं लायसन

बेंबळीहून धाराशिवला जाणाऱ्या मोटारीत ड्रायव्हरशेजारची जागा मानाची. तिथं पाटलानं बसावं, तालुक्याच्या कारकुनानं बसावं, निदान माझ्यासारख्या लिहित्या माणसानं तरी बसावं. आमच्या मोटारीत तिथं ड्रायव्हरची बायको बसायची. जाताना तीच, येताना तीच, आणि धाराशिवात तिला काडीचं काम नसायचं. मोटार अड्ड्यावर लागली की ती बाजूच्या ओट्यावर बसून वाती वळायची आणि परतीची वेळ झाली की पुन्हा चढून आपल्या जागेवर.

मला हे बघवत नसे. मी अर्जनवीस. धाराशिवच्या कचेरीच्या भिंतीला लागून लिंबाखाली माझं बस्तान होतं. निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि आमच्या लोकांना उर्दूचा गंध नाही. त्यांचे अर्ज लिहायचे, त्यांना आलेली समन्सं वाचून दाखवायची, हा माझा धंदा. दिवसभर दुसऱ्याचे कागद वाचून मला एक खोड लागली होती. समोर दिसलेली कुठलीही गोष्ट कशी आणि का आहे हे कळेपर्यंत मला अन्न गोड लागत नसे. खोड वाईट आहे हे मला तेव्हाही कोणी सांगायची गरज नव्हती.

ड्रायव्हरचं नाव शिवशरण. उमरग्याकडचा, कानडी बोलणाऱ्या गावातला. मोटार कल्याणप्पा म्हणून बेंबळीचा एक व्यापारी होता त्याची. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना, म्हणून कल्याणप्पानं मोटारीच्या पाठीशी कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून घेतली होती. सकाळी अर्धा तास पंखा फिरवून ती पेटवायची, मग खोकत खोकत मोटार निघायची. शिवशरण अंगानं दांडगा, बोलायला गोड, आणि मोटार इतकी सावकाश चालवायचा की चढावर पोरं उतरून शेजारून चालायची. त्याची बायको इरम्मा मात्र वाटभर कानडीत काहीतरी पुटपुटत राहायची. मागची मंडळी हसायची. कोणी म्हणे, तिचा नवऱ्यावर भरवसा नाही. कोणी म्हणे, घरचं भांडण पुरं होत नाही म्हणून गाडीत आणते. मला दोन्ही पटत नव्हतं. भांडणात समोरचा कधीतरी उलटून बोलतो, आणि शिवशरण चकार शब्द काढत नसे.

त्या साली खंडेनवमीला कल्याणप्पानं मोटारीची पूजा थाटात केली. चाकांना झेंडूच्या माळा, पुढच्या काचेवर हळदीकुंकवाचं गंध. हत्यारांची पूजा म्हणून पाट मांडला होता, त्यावर नट आवळायचे पाने, हातोडी, भट्टीची सळई, आणि मधोमध पत्र्याची एक चपटी डबी. डबीत शिवशरणचं लायसन. त्यालाही कुंकू वाहिलेलं. मला राहवतंय थोडंच. मी म्हटलं, कागद डबीतच ठेवून पूजा कसली करता, बघू तर द्या.

शिवशरणला आनंदच झाला. सात वर्षं झाली त्या कागदाला, आणि एकदाही कोणी तो वाचला नव्हता. नाक्यावरचा जवान नुसता शिक्का बघायचा, कारण त्यालाही वाचता येत नव्हतं. कल्याणप्पाला मोडी यायची, उर्दू नाही. आणि ज्या साहेबलोकांना उर्दू यायची ते आमच्या खोकणाऱ्या मोटारीत कशाला पाऊल ठेवतात. शिवशरण सगळ्यांना गप्प करून म्हणाला, "मुन्शीजी, मोठ्यानं वाचा. समद्यांला ऐकू द्या."

मी मोठ्यानं वाचायला लागलो. शिवशरण, वल्द शिवलिंगप्पा, राहणार अमुक, फसली सन तेराशे सेहेचाळीस. तिथवर आवाज ठणठणीत होता. पुढच्या ओळीवर मी थांबलो. तिथं लिहिलं होतं की सदर इसमाची तपासणी केली, डावा डोळा निकामी आढळला, मोटार चालवण्यास हा इसम लायक नाही, सबब परवाना नामंजूर. खाली सही, आणि त्या सहीवर तो झोकदार सरकारी शिक्का.

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. इरम्मानं हात जोडले होते. मी म्हणालो, "आणि खाली सरकारी शिक्का." मग कागदाची घडी घालून डबीत ठेवली. कोणीतरी नारळ फोडला, खोबरं वाटलं गेलं, आणि शिवशरणनं मला वाकून नमस्कार केला.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली असं सांगितलं तर खोटं होईल. खरं सांगायचं तर मला आधी मजा वाटली. सगळ्या बेंबळीत जे कोणाला माहीत नाही ते मला माहीत होतं. मी शिवशरणच्या डोळ्याची परीक्षा घ्यायच्या मागे लागलो. अड्ड्यावर त्याच्या डाव्या अंगाला उभा राहून पेरू पुढं केला, त्याला पत्ता नाही. उजवीकडून केला, लगेच घेतला आणि खाल्लाही. डोळा वरून चांगला दिसायचा, बुबुळ फिरायचं, पण आत अंधार. मग हा माणूस रोज सात कोस जातो-येतो कसा? रस्त्यावर गाड्या असतात, म्हशी असतात, डाव्या कडेनं बाजाराला निघालेल्या बाया असतात.

दुसऱ्या दिवशी मी इरम्माच्या बरोबर मागं बसलो आणि ती जे पुटपुटते त्यातले शब्द कान देऊन पाठ केले. संध्याकाळी वीरप्पाच्या दुकानात गेलो. वीरप्पा तंबाखू विकायचा आणि घरात कानडी बोलायचा. मी म्हटलं, "यडक यम्मी, यडक कुरी, यडक मुदुकी," याचा अर्थ काय? वीरप्पा हसला. म्हणाला, डावीकडं म्हैस, डावीकडं मेंढरं, डावीकडं म्हातारी. हे कसलं गाणं शिकलात मुन्शीजी?

मी दुकानाच्या पायरीवर बसलोच. म्हणजे लोक जिला कजाग म्हणून हसत होते ती बाई सात वर्षं नवऱ्याचा डावा डोळा होऊन बसली होती. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की त्याच पावली मी त्यांच्या घरी गेलो. आडून आडून विचारावं असं ठरवलं होतं, पण शिवशरणनं स्वतःच सांगून टाकलं. लहानपणी बाभळीचा काटा लागून डोळा गेला होता. लपवायचं काय त्यात, तो म्हणाला. तपासणीच्या साहेबापुढंही लपवलं नव्हतं.

"सायबानं दोनदा डोळा बघितला," तो म्हणाला. "येक झाकला, दुसरा झाकला. लई येळ बघितलं आन मंग शिक्का मारून कागद दिला. सरकारला ठावं हाय मुन्शीजी. सरकारनं ठावं असून दिलंय, मंग आपुन भ्यायचं कशाला?"

तेव्हा सांगायला हवं होतं. जीभ उचलायचा अवकाश होता. पण घरात चुलीवर भाकरी होती, भिंतीवर मोटारीचा भोंगा टांगलेला होता, आणि शिवशरण हा त्याच्या गावातला मोटार चालवणारा पहिला माणूस होता. मी मनाशी म्हटलं, कशाला बिचाऱ्याच्या पोटावर पाय द्या. दुसरंही एक कारण होतं, ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. मोटार बंद पडली असती तर कचेरीला जायला मला बैलगाडी धरावी लागली असती. मी म्हणालो, जपून चालवत जा. आणि घरी येऊन जेवलो.

तीन महिने काही झालं नाही. मग पौषात इरम्माला हिवताप आला. दोन दिवस ती तशीच घोंगडी पांघरून आली, तिसऱ्या दिवशी तिला उठवेना. मी अड्ड्यावर पोचलो तेव्हा भट्टी पेटलेली होती, माणसं चढून बसली होती, आणि शिवशरण दाराशी माझी वाट बघत उभा होता. त्यानं मला पुढच्या जागेवर बसायला सांगितलं. डावीकडं काय येतंय तेवढं बोलत राहायचं, दुसरं काही नाही. इतकी वर्षं मला हवी असलेली ती मानाची जागा, आणि आज मी तिथं रेंगाळत चढलो.

तीन कोस मी ते काम चोख केलं. डावीकडं बैलगाडी, डावीकडं दोन बाया, डावीकडं काही नाही. शिवशरण मान हलवायचा आणि मोटार तेवढीच उजवीकडं घ्यायचा. मला त्याची गोडीही लागली. चौथ्या कोसात मागून एका माणसानं माझ्या खांद्याला हात लावला आणि एक कागद पुढं केला. समन्स होतं. म्हणाला, आज तारीख तर नाही ना, तेवढं बघा. मी बघायला लागलो. तारीख सापडली, ती उद्याची होती. पण मामला कसला आहे म्हणून मी पुढं वाचत गेलो, कारण मला ते कळल्याशिवाय राहवेना. दोन ओळी वाचल्या असतील.

मोटार कशावर तरी चढली आणि उतरली. मेंढरांचा ओरडा झाला. मी वर बघितलं तर शिवशरण दोन्ही हातांनी ब्रेक ओढत होता आणि म्हणत होता, "बोला की, मुन्शीजी, बोला की."

डाव्या बांधावरून मेंढरं रस्त्यावर उतरली होती आणि त्यांना मागं वळवायला गोरोबा नावाचा धनगर पुढं आला होता. वाटेतल्या वस्तीवरचा माणूस, तिशीचा असेल. चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं होतं. आम्ही त्याला त्याच मोटारीत घालून धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. वाटेत तो आपल्या मेंढरांकडं कोण बघतंय एवढंच विचारत होता. डॉक्टरनं पाय गुडघ्यातून काढला.

पोलीस ठाण्यात अमीनसाहेबापुढं शिवशरणनं काही नाकारलं नाही. लायसन विचारलं तेव्हा त्यानं डबी उघडून दोन्ही हातांनी कागद पुढं केला. अमीनानं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि कपाळाला हात लावला. मग त्यानं कागदात काय आहे ते शिवशरणला एकेक शब्द फोडून सांगितलं. शिवशरण खाली बसला. अमीनानं विचारलं, सात वर्षांत तुला हे कोणी वाचून दाखवलं नाही? मी तिथंच साक्षीदार म्हणून उभा होतो. शिवशरणनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"न्हाय साहेब," तो म्हणाला. "कुनीबी वाचलं न्हाय."

त्याला चार महिन्यांची कैद झाली. मोटार जप्त झाली. बेंबळीची माणसं पुन्हा बैलगाडीनं आणि पायी जाऊ लागली, आणि जाता जाता शिवशरणला शिव्या देऊ लागली. फसवलं म्हणाली. मी दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी अमीनाकडं जाऊन सांगितलं की तो कागद मी वाचला होता, खंडेनवमीला, पन्नास माणसांसमोर, आणि अर्धाच वाचला होता. अमीन हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, मुन्शी, गप्प बसल्याबद्दल मी कोणती दफा लावू? तसा कायदा असता तर अर्धी कचेरी आत असती. जाऊन आपलं काम कर.

मला शिक्षा हवी होती, आणि ती कोणी देईना, याचा राग आला. तो राग घेऊनच मी इरम्माकडं गेलो. ती तापातून उठली होती, अंगणात बसून ज्वारी पाखडत होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. तिनं सूप खाली ठेवलं आणि त्या कागदात काय काय लिहिलं होतं ते पहिल्यापासून सांगायला लावलं. मी शेवटच्या शब्दापर्यंत सांगितलं. मला वाटलं आता ती तोंडाला येईल ते बोलेल. मी त्याचीच वाट बघत होतो. ते आलं नाही तेव्हा मीच म्हणालो, तुमच्या पोटाचा विचार केला, इरम्मा, तुमची भाकरी जाऊ नये म्हणून गप्प बसलो.

"सरकार नगं म्हनलंय हे कळलं असतं तर आमी त्याच दिशी गाडीतनं उतरलो असतो," ती म्हणाली. "त्यांला भ्या वाटत न्हवतं. सायबानं दिलंय म्हनायचे. म्या रोज भेत हुते, मुन्शीजी. सात वर्सं रोज त्या गाडीत बसले, आन रोज वाटायचं, कुनीतरी यावं आन नगं म्हनावं."

ती उठली, पदर खोचला, आणि गोरोबाची वस्ती नेमकी कुठल्या अंगाला आहे ते विचारलं. मेंढरांकडं बघायला माणूस नाही असं तिनं ऐकलं होतं. मी म्हटलं, लांब आहे, तुम्हाला अजून अशक्तपणा आहे, चला मी वाट दाखवतो.

"उजव्या अंगाला का डाव्या, तेवढं सांगा," ती म्हणाली. "तुमी नगा येऊ."